पावती, उतारा आणि थडगे
(दृश्य : खानापूर रस्त्यालगतची शेते, बांधावर एक चौथरा)

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी घरांत अंत्यविधी म्हटला की बहुतेकांच्या मनात चिताच येते. तरीही याच गावांत लिंगायत, ख्रिस्ती, मुसलमान आणि नाथपंथी-गोसावी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे मातीच्या स्वाधीन करत आली आहेत, आणि दहन करणाऱ्या घरांतही तान्ह्या मुलांना पुरण्याचीच रीत आहे. राख नदीत सोडली की जागेचा प्रश्न संपतो. दफनात मात्र जमिनीचा एक तुकडा अडतो, आणि तो कुणाच्या नावावर, किती वर्षांसाठी, कुणी सांभाळायचा, हे प्रश्न दिवसकार्य उरकल्यानंतर हळूहळू वर येतात.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दफनभूमी आणि दहनभूमी हा राज्य सूचीतील दहावा विषय आहे, तर बाराव्या अनुसूचीने तो शहरांपुरता नगरपालिकांच्या कामांत घातला आहे. त्यामुळे गावात जागा राखून ठेवण्याचे काम महसूल खात्याकडे, तिची देखभाल ग्रामपंचायतीकडे आणि शहरात ती महापालिकेकडे, अशी विभागणी झाली आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये राज्यातील प्रत्येक गावाला अशी जागा सहा आठवड्यांत द्यावी, असे सरकारला सांगितले होते. ती मुदत पाळली गेली नाही आणि अवमानाची कारवाई चालली, यावरून जमिनीचा हा प्रश्न किती अडलेला आहे ते दिसते.

(दृश्य : ख्रिस्ती दफनभूमी, क्रूसांच्या रांगा, दगडावर मराठी अक्षरे)

दफनभूमीत कुटुंबाने जागा ‘विकत घेतली’ असे आपण सहज बोलून जातो, पण कायद्याच्या नजरेने ती खरेदी नसते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्ताशिवाय विकता येत नाही, आणि चर्चच्या समितीने दिलेली पावती हा काही तसा दस्त नव्हे. त्या पावतीने कुटुंबाला मिळतो तो ठरलेल्या जागी दफन करण्याचा, तिथे दगड बसवण्याचा आणि ये-जा करण्याचा हक्क. जमीन धर्मप्रांताची, ट्रस्टची किंवा सरकारचीच राहते. म्हणूनच ती जागा गहाण टाकता येत नाही, शेजाऱ्याला परस्पर देता येत नाही आणि समितीला न विचारता तिच्यावर संगमरवरी छत्रीही उभारता येत नाही. चौथऱ्याची लांबी-रुंदी, कठड्याची उंची, एकाच कबरीत दुसरे दफन किती वर्षांनी करायचे, हे सारे समितीच्या नियमांत असते. ते नियम पैसे भरण्याआधी मागून वाचावेत, कारण त्या क्षणी कुणी वाचत नाही आणि पुढे सगळे वाद त्यांवरूनच होतात.

जबाबदारीची बाजू याहून कमी बोलली जाते. समिती कुंपण, फाटक, पाणी आणि रस्ता पाहते. खचलेला चौथरा, कलंडलेला क्रूस आणि माजलेले तण हे कुटुंबाचे काम आहे. २ नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या स्मरणदिनाआधी सफाई करून चुना मारणारी घरे पुष्कळ आहेत, परंतु मुले पुण्या-मुंबईला स्थायिक झाली की पावती कपाटात राहते आणि समितीकडे पत्ता राहतो जुना. देखभालीची वर्गणी थकली, सूचना परत आली आणि जागा पुन्हा वापरात घेतली गेली, तर तक्रार करायला हातात फारसे काही उरत नाही. मूळ पावतीधारक वारल्यावर हक्क कोणत्या वारसाकडे जातो, हे समितीच्या वहीत लगेच लिहून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नोंदीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने दफनभूमीच्या रखवालदारावर किंवा मालकावरही मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदाही दफनानंतर मृत्यू-नोंदवहीत नोंद करायला सांगतो. वारसा हक्काच्या दाव्यात पन्नास वर्षांपूर्वीचा मृत्यू सिद्ध करायचा असेल, तर ती वही दगडावरच्या अक्षरांपेक्षा भरवशाची असते.

कब्रस्तानाची व्यवस्था वेगळी आहे. ते वक्फ, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमची वाहिलेली मिळकत असेल, तर १९९५ च्या वक्फ कायद्याखाली तिथला तुकडा विकणे, दान देणे किंवा गहाण ठेवणे निषिद्ध आहे. आजोबांच्या शेजारची जागा आपल्यासाठी विटा रचून अडवणे अनेकांना स्वाभाविक वाटते. खरे तर ती जागा कुणाला द्यायची हे जमात, म्हणजे तिथल्या मुसलमान समाजाची पंचमंडळी, ठरवते.

(दृश्य : उसाच्या फडालगत समाधी, बेलाचे झाड)

आता शेतातल्या समाध्यांकडे वळू, कारण सीमाभागातला सर्वांत अवघड प्रश्न तिथे आहे. लिंगायत घरांत देहाला बसलेल्या स्थितीत, विभूती आणि बेलाच्या पानांसह समाधी देतात, आणि ज्यांना रुद्रभूमी, म्हणजे समाजाची दफनभूमी, जवळ नाही किंवा ज्यांची तशी इच्छा असते ते आपल्याच मळ्यात जागा निवडतात. जमीन स्वतःची, उतारा स्वतःचा, मग हक्क पक्का, अशी समजूत असते. माझ्या मते हीच समजूत सर्वांत फसवी आहे. दफनभूमीतले थडगे परक्या जमिनीत असूनही टिकते, कारण ती जमीन विकली जात नाही. मळ्यातली समाधी मात्र पहिल्याच वाटणीत एका भावाच्या हिश्शाला जाते आणि दुसऱ्या पिढीत त्रयस्थाच्या.

दफनासाठी जमीन आपली असणे पुरेसे आहे का, यावरही एकमत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे छत्तीसगडमधल्या एका ख्रिस्ती मुलाचे प्रकरण आले होते. वडिलांना गावातच माती द्यावी, अशी त्याची मागणी होती. दोन न्यायमूर्तींपैकी एकीने कुटुंबाच्या खाजगी जमिनीत दफनाला संमती दिली, दुसऱ्याने नेमलेल्या दफनभूमीचाच आग्रह धरला, आणि अखेर दफन दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत करण्याचा आदेश झाला. शहराच्या हद्दीत तर अनधिकृत जागी दफन करायला महापालिका कायद्याचीच मनाई आहे. बेळगावची हद्द वाढत चालली असताना तिला लागून मळे असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची नंदगडला आणि कित्तूरच्या राणी चन्नम्माची बैलहोंगलला समाधी आहे; त्यांची काळजी सरकार आणि लोक घेतात. आपल्या पणजीच्या समाधीला तो आधार नसतो. तिची विटंबना हेतुपुरस्सर केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ प्रमाणे एक वर्षापर्यंतची कैद होऊ शकते, पण नव्या मालकाने फाटक लावून वाट बंद केली तर त्या कलमाचा उपयोग होईलच असे नाही.

कर्नाटकच्या जमीन महसूल नियमांत दफनासाठीच वापरली जाणारी जागा ‘बी खराब’ (लागवडीबाहेरची, सारा न लागणारी जमीन) म्हणून आकारणीतून वगळण्याची तरतूद आहे. आपल्या पहाणीत, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यात, तशी नोंद आहे का, हे तलाठ्याकडे आधी पाहावे. नसेल, तर वाटणीपत्रात किंवा खरेदीखतात समाधीचे गुंठे आणि रस्त्यापासून तिथवरची पायवाट, दोन्हींची मापे नकाशासह लिहून घ्यावीत आणि दस्त सब-रजिस्ट्रार कचेरीत नोंदवावा. ‘समाधीला जाण्यास हरकत नाही’ एवढे मोघम वाक्य पुरत नाही, कारण वाट कुठून आणि किती रुंद, हे त्यात नसते आणि तेवढ्यासाठी मग दिवाणी दावा लावावा लागतो.