एक पाऊल, १४ ट्रॅक

[काळा पडदा. एक जड पाऊल पडतं.]

हे आत्ता ऐकलंत ना, ते एका रोबोटचं पाऊल. जेमतेम सव्वा सेकंदाचं. आणि स्क्रीनवर बघा, तेवढ्यासाठी १४ ट्रॅक, म्हणजे एकावर एक रचलेले आवाजाचे १४ थर लागलेत. हेडफोन असेल तर लावा, एकेक ट्रॅक सोलो करून, म्हणजे बाकीचे बंद ठेवून ऐकवतो.

हा गुडघा. जुन्या प्रिंटरमध्ये शाईचं डोकं इकडून तिकडे पळतं ना, तोच आवाज, कॉन्टॅक्ट माईक थेट प्रिंटरच्या अंगाला चिकटवून घेतलाय म्हणजे खोलीतला पंखा, बाहेरचे हॉर्न जवळजवळ येतच नाहीत. त्याच्या खाली कारची काच उतरतानाची मोटर. मग कुकर, पण शिट्टी नाही, शिट्टीच्या आधी जी फुसफुस सुरू होते ना तेवढीच. आणि पाऊल टेकतं तिथे पत्र्याच्या धान्याच्या कोठीवर मारलेली मूठ, एक ऑक्टेव्ह खाली ओढलेली, म्हणजे सूर निम्म्यावर आणून जाड केलेली.

असं खाली ओढायचं असेल तर रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झला करायचं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने घ्यायचे. ४८ ला केलं की त्याच्या निम्म्यापर्यंतचेच, २४ पर्यंतचे सूर येतात, आणि एक ऑक्टेव्ह खाली आणल्यावर १२ किलोहर्ट्झच्या वर काही उरतच नाही, आवाज गोधडीखालून आल्यासारखा लागतो.

[स्क्रीनवर जुनं सेशन. सगळे ट्रॅक एकाच रंगाचे.]

हे माझं जुनं सेशन, म्हणजे एका कामाचे सगळे ट्रॅक असलेली फाईल. नावं बघा, प्रिंटर २, कुकर फायनल, कोठी नवीन. दिग्दर्शक शेजारी बसून म्हणाले, गुडघा जरा म्हातारा वाटू दे. आणि मी ६० ट्रॅकमध्ये गुडघा शोधत बसलो, कारण मी नाव दिलं होतं आवाज कुठून आणला त्याचं, आणि ते बोलत होते रोबोटच्या शरीराबद्दल. त्या दिवसापासून फोल्डर शरीराचेच. मान, खांदा, गुडघा, तळवा, बोलणं. प्रत्येकाचा रंग वेगळा, प्रत्येकाचा एक बस, म्हणजे त्या भागाचे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात ती वाट, त्यामुळे अख्ख्या गुडघ्याचा आवाज एका फेडरवर, एका सरकपट्टीवर कमी-जास्त होतो. प्रिंटर, कुकर वगैरे क्लिपच्या नावात राहतं, ट्रॅकच्या नाही.

तळव्याचं जरा नीट ऐका. दोन धप्प एकावर एक ठेवले की डबल जोर येईल असं वाटतं, पण फेज उलटी पडली, म्हणजे एकाची लाट वर जाताना दुसऱ्याची खाली गेली, की एकमेकांना खाऊन टाकतात आणि पाऊल पोकळ होतं. म्हणून १०० हर्ट्झच्या खाली मी एकच ट्रॅक ठेवतो, कोठीचा, बाकी सगळ्यांना हाय-पास, म्हणजे खालचा भाग कापून टाकणारा फिल्टर.

आता बोलणं. इथे मला कायम स्टार वॉर्सचे साउंड डिझायनर बेन बर्ट आठवतात. १९७७ च्या स्टार वॉर्समधल्या आर-टू डी-टू या रोबोटचं बोलणं नुसत्या सिंथने, म्हणजे सिंथेसायझरने जमेना, तेव्हा त्यांनी एआरपी २६०० या सिंथबरोबर स्वतःच्या तोंडाने लहान बाळासारखे आवाज काढून मिसळले. म्हणून माझ्या फोल्डरमध्ये मशीन आणि माणूस हे दोन ट्रॅक कधीच एकत्र बाऊन्स होत नाहीत, म्हणजे मिसळून एकच फाईल करत नाही. माणूस म्यूट करतो, ऐका.

[बीप. नुसतीच बीप.]

आता परत चालू करतो.

[तीच बीप, शेवटी किंचित दचकलेली.]

आणि तो म्हातारा गुडघा? फोल्डर उघडला, मोटर थोडी संथ केली, दाराच्या बिजागरीची कुरकुर अगदी हळू खाली सरकवली. ऐका.

[पाऊल. कुरकुर. दुसरं पाऊल, जरा उशिरा.]