सही करण्याआधी

संयोजकांनी मला विषय दिला तो ‘बाहेरून करून घेतलेल्या सॉफ्टवेअरची चाचणी’. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण कोड लिहीत नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्ही सॉफ्टवेअर करून घेता, पैसे मोजता आणि शेवटी ‘काम मान्य आहे’ अशा एका कागदावर सही करता. मी त्या सहीबद्दलच बोलणार आहे.

सही मागायला पुरवठादार, म्हणजे सॉफ्टवेअर करून देणारा, येतो तेव्हा त्याच्याकडे एक एक्सेल शीट असते. चारेकशे टेस्ट केसेस आणि प्रत्येकीपुढे हिरव्या रंगात ‘पास’. अशी शीट पाहून मीही पूर्वी खूश व्हायचो. मग एकदा सहज त्यातली एक ओळ नीट वाचली. ‘वापरकर्ता योग्य रक्कम भरतो आणि सेव्हचं बटण दाबतो. अपेक्षित निकाल: नोंद जतन होते.’ मी तीच स्क्रीन उघडली, तीच रक्कम भरली आणि बटण पटापट दोनदा दाबलं. नोंदी दोन झाल्या. शीटमध्ये कुणी खोटं लिहिलं नव्हतं बरं का. नेट मंद असलं की आमची माणसं वैतागून बटण तीन-तीनदा दाबतात, हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पुरवठादार कितीही प्रामाणिक असला तरी त्याला जे समजलं तेच तो तपासणार. आपल्याला काय म्हणायचं होतं, ते आपणच तपासायला हवं. युएटी, म्हणजे वापरणाऱ्यांनी स्वतः करायची स्वीकृती-चाचणी, म्हणजे दुसरं काय असतं?

मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नासाने ११ डिसेंबर १९९८ रोजी सोडलेलं हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचलं आणि कायमचं गमावलं गेलं. एकाने पाउंड धरले, दुसऱ्याने न्यूटन (बल मोजायची दोन वेगळी एककं), असं एका वाक्यात सांगून लोक मोकळे होतात. चौकशी अहवालातला तपशील मात्र आपल्या कामाचा आहे. थ्रस्टर, म्हणजे यानाची छोटी इंजिनं, पेटल्यावर यानाला किती रेटा मिळाला, याचा हिशेब देणारं जमिनीवरचं सॉफ्टवेअर लॉकहीड मार्टिन या कंत्राटदाराचं होतं. हा आकडा न्यूटन-सेकंदांत द्यायचा, असं इंटरफेसच्या दस्तऐवजात, म्हणजे माहितीची देवाणघेवाण कशी करायची हे ठरवणाऱ्या कागदात, लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तो पाउंड-सेकंदांत येत होता, म्हणजे असायला हवा त्याच्या ४.४५ पट लहान.

पुढचा भाग मला जास्त बोचतो. प्रवासाचे पहिले चार महिने या आकड्यांच्या फायली वापरताच आल्या नाहीत, कारण त्यांचा फॉरमॅटच चुकलेला होता. फॉरमॅट दुरुस्त झाला आणि एप्रिलपासून फायली वापरात आल्या. म्हणजे चूक सापडली, सुधारली गेली, आणि सुधारलेल्या फायलीत चुकीचे आकडे तसेच राहिले. मार्गाचा हिशेब जुळत नाही, अशी शंका पुढे काही जणांना आली होती. पण ती रीतसर नोंदवली गेली नाही, बोलण्यात आणि ई-मेलमध्येच विरली. सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचं यान सुमारे ५७ किलोमीटरवरून गेलं.

थ्रस्टरच्या एका पेटण्याचा आकडा कुणी हाताने काढून फायलीशी ताडून पाहिला असता तर? म्हणून माझा एक जुनाट हट्ट आहे. कोडची पहिली ओळ लिहिली जाण्याआधी आपल्याच कामातली दहा-बारा उदाहरणं कागदावर सोडवून ठेवायची, उत्तरांसकट. आणि ती सोडवणार तो, जो रोज ते काम करतो. साहेबांनी सोडवली तर ती फार सोपी निघतात.

असंच एक उदाहरण सांगतो. शंभराचे तीन समान हप्ते. सॉफ्टवेअरने दाखवले ३३.३३, ३३.३३ आणि ३३.३३. बेरीज ९९.९९. आमची हिशेबनीस बाई म्हणाली, “हे खातं कधीच बंद होणार नाही.” पुरवठादार म्हणाला, “मॅडम, तुमच्याच रिक्वायरमेंटमध्ये ‘समान हप्ते’ लिहिलंय. शेवटचा हप्ता वेगळा हवा असेल तर ती चेंज रिक्वेस्ट होईल.” म्हणजे वेगळे पैसे. बग (म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक) की चेंज, यावर दोन आठवडे ई-मेल चालले. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, हेच अवघड. ते गणित उत्तरासकट कराराला जोडलेलं असतं, तर वाद पाच मिनिटांत मिटला असता. तेव्हापासून आमच्या सगळ्या करारांना अशा उदाहरणांचं परिशिष्ट असतं. बगचा गंभीरपणा कोण ठरवणार, हेही त्यातच लिहितो. काम अडलं की नाही हे आपल्याला कळतं, म्हणून तो अधिकार आपल्याकडे.

डेमोबद्दल फार बोलत नाही. डेमो देणाऱ्याला कुठे क्लिक करायचं नाही, हे पाठ असतं. माउस आपल्या हातात घ्या, झालं.

“पुरवठादार आमच्याच समूहातला आहे, एवढं कशाला तपासायचं?” असं मला कुणीतरी नेहमी विचारतं. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८मध्ये आपली सगळी खाती नव्या प्रणालीवर हलवली. काम केलं होतं मूळ कंपनीच्याच माहिती तंत्रज्ञान शाखेने. हलवाहलव झाल्यावर ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात, आणि घडी पूर्ण बसायला डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला. त्याहून बोलका आहे तो २०२३मधला ८१,६२० पौंडांचा छोटा दंड. तो बँकेच्या माहिती तंत्रज्ञान प्रमुखाला वैयक्तिकरीत्या भरावा लागला. पुरवठादार आणि त्याचे उपकंत्राटदार खरोखर तयार आहेत, याची पुरेशी खातरजमा त्याने करून घेतली नाही, असा ठपका होता. ‘आम्ही तयार आहोत’ असं पुरवठादाराने कळवणं पुरेसं धरलं गेलं नाही.

शेवटची चाचणी बहुतेक लोक करत नाहीत, कारण सगळं चालू असताना ती उगाचच वाटते. सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला कोड, घ्यायचा, कोरा सर्व्हर घ्यायचा, आणि पुरवठादाराचा एकही माणूस खोलीत नसताना, त्याने दिलेल्या कागदांवरून आपल्या माणसाने ती प्रणाली उभी करायची. कागदांनुसार हे काम दोन तासांचं असतं. मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उलगडा झाला, की एक सेटिंग फाइल कोडमध्ये नव्हतीच. ती त्यांच्या एका मुलाच्या लॅपटॉपवर होती आणि तो मुलगा महिन्यापूर्वी नोकरी सोडून गेला होता. सहीचा कागद तेव्हा माझ्या टेबलावर, पेपरवेटखाली होता.