गिरण्यांचा भार वाहिलेली गावे

मुंबईच्या कापड गिरण्यांच्या अस्ताची कथा सहसा लालबाग-परळमध्ये सुरू होते आणि तिथल्याच टोलेजंग इमारतींपाशी संपवली जाते. वास्तविक या गिरण्यांचा अर्धा संसार रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतल्या गावांत होता. घरचा कर्ता पुरुष गिरणीच्या खात्यात, म्हणजे विभागात, राबे, गाववाल्यांच्या सामाईक खोलीत वळकटी टाकून राही, खानावळीत जेवी आणि उरलेला पैसा मनीऑर्डरने घरी धाडी. कोकणातल्या डोंगरउतारावरची भात-नाचणी बहुतेक घरांना वर्षभर पुरत नसल्यामुळे बियाणे, औषधपाणी, मुलांचे शिक्षण आणि लग्नकार्य या पैशावरच निभावत असे.

मात्र देणे एकाच बाजूने नव्हते. कामगाराचे बालपण, आजारपण आणि म्हातारपण गाव सांभाळत होते, म्हणूनच गिरणीमालकांना पूर्ण कुटुंब पोसेल एवढी मजुरी न देताही माणसे मिळत राहिली. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा संप वर्षाहून अधिक काळ तग धरू शकला, त्याचेही एक मोठे कारण हेच होते: हजारो कामगार गावी परतले आणि त्यांच्या भाकरीची सोय गावाने केली. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या.

या परतीचा भार मुख्यतः बायकांनी उचलला. लावणी, बेणणी, गुरेढोरे हे सारे त्या आधीपासूनच पाहत होत्या. आता मनीऑर्डर थांबली, जेवणारे माणूस वाढले आणि त्यांना दुसऱ्याच्या बांधावर मजुरीलाही जावे लागले. कापडखात्यात हयात घालवलेल्या पुरुषाला शेतीची सवय उरली नव्हती आणि घरातला त्याचा शब्दही पूर्वीसारखा चालेना. त्याहून दूरगामी नुकसान पुढच्या पिढीचे झाले. पूर्वी मामा किंवा चुलता पोराला बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी काम करणारा, म्हणून खात्यात चिकटवी आणि कालांतराने तो कायम होई. ही साखळी तुटल्यावर मुले मुंबईला गेली खरी, पण पहारेकरी, हमाल किंवा कंत्राटी कामगार म्हणून.

पुढे गिरण्यांच्या जमिनींचा काही हिस्सा कामगारांच्या घरांसाठी राखला गेला आणि म्हाडाच्या सोडतीही निघाल्या. घराचा हक्क ठरला तो गिरणीतल्या नोंदीवरून, आणि शेत सांभाळून ती नोकरी शक्य करणाऱ्या बाईला त्यात स्थान मिळाले ते केवळ वारस म्हणून.