दुकानाचा नंबर कुणाचा?

मंडळी, येताना दुकानाच्या टेलिफोनचं शेवटचं बिल सोबत आणा, अशी विनंती मी केली होती. बऱ्याच जणांच्या हातात कागद दिसतोय, बरं वाटलं. सध्या तो खिशात राहू द्या. आधी हे लेबल बघा. हातोहात फिरवा, पण परत द्या, मला ते मालकांना नेऊन द्यायचंय.

टॉवेलवर शिवतात ते हे कापडी लेबल, आपल्या पूर्व भागातल्या एका कारखान्याचं. वर मोर, खाली पेढीचं नाव, त्याखाली ‘सोलापूर’ आणि अगदी तळाला 0217 आणि पुढे सात आकडे. वीस वर्षं हेच लेबल चाललं. हुबळी, कलबुर्गी, हैदराबादकडचे दुकानदार माल संपला की टॉवेल उलटा करायचे आणि तो नंबर फिरवायचे. मालकांचा मोबाइल नंबर त्यांच्याकडे नव्हता, कधी गरजच पडली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या केबलवाल्यानं या कारखान्यात फायबर ओढलं. चांगलं नेट, वर टेलिफोन मोफत. मग जुन्या तांब्याच्या लाइनीचं भाडं कशाला भरायचं? लाइन बंद करायचा अर्ज मालकांनी माझ्याकडून लिहून घेतला. तीस वर्षं मी या शहरात इंटरकॉम आणि ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनीला जोडणारी यंत्रं, बसवतोय, तरी त्या दिवशी ‘नंबरचं काय?’ हा प्रश्न मला सुचला नाही. नवा नंबर आला, जुना गेला. पुढे संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेला हुबळीचे एक जुने व्यापारी आले, सहज कारखान्यात डोकावले आणि म्हणाले, “अण्णा, चालू आहे होय? फोन लागंना, आम्हाला वाटलं तुम्ही बंद केलं.” तोवर दिवाळीचा अख्खा सीझन त्यांनी दुसरीकडून माल उचलला होता. मालक मला एका शब्दानं बोलले नाहीत. तेच मला जास्त लागलं, आणि म्हणूनच आज मी तुमच्यापुढे उभा आहे.

केबलवाल्यानं टेलिफोन द्यावा की नाही, यावर माझा कसलाच आक्षेप नाही. द्यावाच. तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल, एके काळी दुकानात फोन लागायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. ज्यांना घाई होती ते ओवायटीत, म्हणजे ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेत, आगाऊ पैसे भरायचे. गिऱ्हाइकाला पर्याय नसला की काय होतं ते आपण भोगलेलं आहे. त्यामुळे दुसरा, तिसरा विक्रेता दारात आला की मला आनंदच होतो.

केबलवरून बोलता येईल हे सरकारलाही फार आधी कळलं होतं. केबलचा कायदा 1995 सालचा. त्यात केबलवाल्याची नोंदणी व्हायची कुठे, तर मुख्य टपाल कचेरीत. चारच वर्षांनी, 1999 च्या नव्या दूरसंचार धोरणात लिहिलं गेलं की केबलच्या जाळ्यावरून पुढे आवाज आणि डेटा दोन्ही बाजूंनी जातील, पण तशी सेवा द्यायची तर टेलिफोन कंपनीचा परवाना घ्यावा लागेल. म्हणजे धोरणानं दार उघडलं, पण उंबरठा ठेवला उंच. गच्चीवरून वायर टाकणाऱ्या, दोनशे-चारशे घरांच्या ऑपरेटरला तो ओलांडणं शक्य नव्हतं. शिवाय त्याची वायरही एकेरी होती. वरून चित्र खाली यायचं, खालून वर काही जायचं नाही.

अमेरिकेत याच काळात वेगळं घडलं. तिथं 1996 साली दूरसंचार कायदा बदलला आणि केबल कंपन्यांना स्थानिक टेलिफोनचं मैदान मोकळं झालं. कॉक्स कंपनीनं 1997 मध्ये कॅलिफोर्नियात टेलिफोन द्यायला सुरुवात केली, कॉमकास्टनं 2005 मध्ये इंटरनेटच्या पद्धतीनं आवाज पाठवणारी सेवा आणली. घरं जोडून झाल्यावर त्यांची नजर छोट्या धंद्यांकडे गेली: दातांचा दवाखाना, गॅरेज, चार टेबलांचं हॉटेल. मोठ्या कारखान्यांसाठी टेलिफोन कंपन्या आधीपासून धावत होत्या, पण पाच-दहा माणसांच्या दुकानाकडे कुणी लक्ष देत नव्हतं, आणि तरी त्याला घरापेक्षा जास्त दर लावला जायचा. केबल कंपनीनं तिथं टीव्ही, इंटरनेट आणि दोन-चार लाइनी एका बिलात दिल्या.

मला महत्त्वाची वाटते ती याच कायद्यातली दुसरी गोष्ट. स्थानिक टेलिफोन कंपनीनं गिऱ्हाइकाला त्याचा नंबर सोबत नेऊ दिला पाहिजे, असं त्यात बंधन होतं. पुढे 2007 मध्ये इंटरनेटवरून बोलणं पुरवणाऱ्या कंपन्यांनाही ते लागू झालं. त्यामुळे तिथला दुकानदार पाटी न बदलता कंपनी बदलू शकला. स्पर्धा खरी झाली ती तिथं.

आपल्याकडे मोबाइलला ही सोय 2011 च्या जानेवारीपासून देशभर आहे. लँडलाइनला नाही. याचा अर्थ नीट समजून घ्या. तुमच्या दारात पाच कंपन्या आल्या तरी, ज्या दिवशी तुम्ही कंपनी बदलाल त्या दिवशी पाटी, बिलबुक, पिशव्या, लेबलं सगळं बदलावं लागेल. बाहेरगावच्या ज्या गिऱ्हाइकांचा पत्ताही तुमच्याकडे नाही, ती तुटतील. ही व्यापाऱ्यांची मागणी म्हणून पुढे यायला हवी. चादरीला आणि टॉवेलला सोलापूरच्या नावाचं भौगोलिक मानांकन आपण मिळवलं. मग त्याच चादरीवर छापलेल्या नंबरावर आपला हक्क का असू नये?

आता आज काय मिळतं ते सांगतो. चित्र खूप बदललंय. केबलवाल्यांनी जाड काळी वायर काढून फायबर टाकलं, त्यावरून आवाज दोन्हीकडे जातो. एका बोलण्याला सेकंदाला शंभर किलोबिटसुद्धा लागत नाहीत, तुमच्या नेटच्या एका कोपऱ्यात ते मावतं. 2015 पासून लँडलाइनच्या कॉलवर कंपन्यांना एकमेकींना जोडणीशुल्क द्यावं लागत नाही, म्हणून अमर्याद कॉल परवडतात. 2018 मध्ये रिलायन्सनं हॅथवे आणि डेन या मोठ्या केबल कंपन्यांमध्ये वाटा घेण्याचं जाहीर केलं आणि 2019 च्या सप्टेंबरमध्ये जिओफायबर आलं, टेलिफोनसकट. बीएसएनएलनंही आपलं फायबर घरोघर न्यायला ठिकठिकाणी स्थानिक केबलवालेच भागीदार म्हणून घेतले.

मला जी गोष्ट दोन वर्षांपूर्वी ठाऊक असायला हवी होती ती इथं आहे. बीएसएनएलची तांब्याची लाइन असेल तर तोच नंबर बीएसएनएलच्याच फायबरवर घेता येतो. अर्ज ‘लाइन बंद करा’ असा करायचा नाही, ‘फायबरवर बदलून द्या’ असा करायचा. गल्लीतला केबलवाला त्यांचा भागीदार असेल तर तोच माणूस, तीच शिडी, तेच फायबर. फक्त कागद वेगळा. माझ्या हातून कागद चुकला.

केबलवाल्याचं बळ कुठे आहे हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. तो जवळ असतो. मागच्या पावसाळ्यात साखर पेठेतल्या एका औषधाच्या दुकानात मी बसलो होतो. फोन, नेट दोन्ही बंद. मालकांनी केबलवाल्याच्या पोराला मोबाइल लावला, अर्ध्या तासात तो हजर. आधी फायबरमधला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावला, आकडा उणे तीसच्याही खाली. म्हणजे प्रकाश पोचतच नव्हता. मग त्यानं खिशातून पेनाएवढा लाल लेझर काढला, फायबरच्या टोकाला लावला आणि वायर धरून भिंतीकडेनं चालत गेला. शटरच्या वर, पत्र्याच्या कडेला, वायरीच्या पिवळ्या सालीतून लाल ठिपका चमकत होता. तिथं ती दुमडून मोडली होती. तेवढा तुकडा कापला, नवा जॉइंट मारला, मीटरवर उणे एकवीस आले आणि लगेच फोन वाजला. मला त्या पोराचं मनापासून कौतुक वाटलं. टोल-फ्री नंबरावर तक्रार नोंदवून ही गती मिळत नाही.

पण दोन गोष्टी त्याच्या हातात नसतात. एक म्हणजे वीज. तांब्याच्या जुन्या फोनला टेलिफोन केंद्रातूनच अठ्ठेचाळीस व्होल्ट यायचे. दुकानातली लाइट गेली तरी फोन चालू, कारण तिकडे बॅटऱ्यांची रांग होती. फायबरमधून फक्त प्रकाश येतो, वीज येत नाही. लाइट गेली की तुमचा ओएनयू, म्हणजे फायबर ज्यात येऊन जोडलं जातं तो भिंतीवरचा डबा, बंद, ओएनयू बंद की फोन मुका. म्हणून त्या डब्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावाच. मोठा इन्व्हर्टर असेल तर ओएनयूचा प्लग त्याच्याच बोर्डावर आहे ना, ते आज रात्री बघा. दवाखाने आणि औषधवाल्यांना हे मी हात जोडून सांगतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वायर टांगलेली असते. तांब्याच्या मोठ्या केबली जमिनीखालून गेल्या, केबलवाल्याचं फायबर खांबावरून खांबावर. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात उंच नंदीध्वज निघतात तेव्हा त्यांच्या वाटेवर आडव्या येणाऱ्या तारा वर घ्याव्या किंवा सोडाव्या लागतात, आणि ते योग्यच आहे. त्या वाटेवर दुकान असेल तर कोणत्या दिवशी लाइन सोडणार आणि कधी जोडणार, हे केबलवाल्याला आठ दिवस आधी विचारा. यात्रेचे दिवस म्हणजे तुमच्या विक्रीचे दिवस.

आता बिलं काढा. वर नाव कुणाचं आहे ते वाचा. मला ठाऊक आहे, काहींच्या बिलावर जागेच्या मालकाचं नाव असेल, काहींच्या मेव्हण्याचं, काहींकडे बिलच नसेल, केबलवाल्याची हातानं लिहिलेली पावती असेल. नंबर देते ती परवानाधारक कंपनी. केबलवाला तिच्या वतीनं जोडणी देतो. कंपनीच्या नोंदीत ज्याचं नाव, त्याचा नंबर. उद्या केबलवाल्यानं कंपनी बदलली किंवा धंदा विकला, तर नुसती पावती घेऊन तुम्ही कुणाकडे जाणार? पेढीच्या नावानं, जीएसटी क्रमांक घातलेलं बिल मागा. टेलिफोनवर अठरा टक्के कर आहे, नोंदणी असेल तर त्याची वजावटही मिळते. हाती लिहिलेल्या पावतीवर ती मिळत नाही.

लेबल परत आलं का? आलं, छान. मालकांनी नव्या लेबलांचा गठ्ठा छापून घेतलाय, नवा लँडलाइन नंबर आणि मोबाइल, दोन्ही. मोर तोच आहे.

मी इथं नऊपर्यंत बसतोय. ज्यांच्या बिलावर नाव चुकलंय त्यांनी खुर्ची ओढून पुढे या. नावबदलाच्या अर्जाचा मसुदा लिहून आणलाय, एकेकाचा भरून देतो.