एजंटच्या हातात काम कसं येतं

(पडदाभर टर्मिनल. ओळी सरकताहेत.)

एजंट म्हणजे नुसतं बोलणारं नाही, तर कामं करणारं एआय. ही पहिली ओळ पाहा: 'इनिशियलाइझ', म्हणजे सुरुवात. एआयचं ॲप आणि सर्व्हर, म्हणजे त्याला कामं करून देणारा प्रोग्रॅम, एकमेकांना आपली आवृत्ती सांगताहेत. लगेच पुढची ओळ, 'टूल्स लिस्ट'. ॲप विचारतंय, तुला काय काय येतं? सर्व्हर यादी धाडतो: फाइल वाचणं, फाइल लिहिणं, फोल्डरमध्ये शोधणं.

हा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी: ॲप आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचे ठरलेले नियम.

(प्रश्न टाइप होतो.)

'या फोल्डरमधली सगळ्यात मोठी फाइल कोणती?' मॉडेल, म्हणजे ॲपमागचं एआय, यादी बघून टूल, म्हणजे त्यातलं एक काम, निवडतं. पण फाइलला ते स्वतः हात लावत नाही, फक्त मागणी लिहितं. ही ती ओळ, 'टूल्स कॉल'. ॲप ती सर्व्हरकडे पोचवतं, काम सर्व्हर करतो आणि उत्तर आल्या वाटेनं परत येतं.

पूर्वी प्रत्येक ॲपला प्रत्येक सेवेसाठी वेगळी जोडणी लिहावी लागायची. 10 ॲप, 20 सेवा, म्हणजे 200 जोडण्या. आता प्रत्येकानं आपली बाजू एकदाच लिहायची. 30 मध्ये भागतं. कोड एडिटरांसाठी मायक्रोसॉफ्टनं 2016 मध्ये असाच एक प्रोटोकॉल खुला केला होता. त्यावरूनच अँथ्रॉपिक या एआय कंपनीतल्या डेव्हिड सोरिया पारा आणि जस्टिन स्पार-समर्स यांना ही वाट सुचली. नोव्हेंबर 2024 मध्ये एमसीपी सगळ्यांसाठी खुला झाला. 2025 मध्ये तो वापरायला ओपनएआय आली, गूगल आली. एरवी एकमेकींच्या वाऱ्याला उभ्या न राहणाऱ्या कंपन्या! नियम उघड्यावर मांडलेले होते, म्हणूनच हे जमलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रोटोकॉल खुली सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला.

(पायथॉनचा कोड, जवळून.)

सर्व्हर लिहिणं किती सोपं आहे बघा. साधं फंक्शन, त्याच्या वर 'एमसीपी डॉट टूल' अशी एक ओळ, आणि आत अवतरणचिन्हांत वर्णन: 'फोल्डरमधल्या फाइलींचे आकार सांगतो'. मॉडेल फंक्शनचा कोड वाचत नाही, त्याचं नाव आणि हे वर्णन वाचतं. त्यांच्याच भरवशावर ते टूल निवडतं.

(परवानगीची चौकट.)

या वर्णनात किंवा एखाद्या वेबपानावर कुणी छुपी सूचना पेरली, तर मॉडेल फसू शकतं, खाजगी माहिती बाहेर जाऊ शकते. 'परवानगी द्या' दाबण्याआधी टूलचं नाव आणि फाइलचा पत्ता वाचा. आणि सर्व्हर शक्यतो असा निवडा, ज्याचा कोड उघडून बघता येतो.