न निघालेले साप

श्रोतेहो, नमस्कार.

लहानपणी सरपण आणायला मला परसातल्या पडवीत पाठवत. पावसाळ्यात लाकडांत साप येऊन बसतो, हे कुणीतरी आधीच कानात घालून ठेवलेलं. आजही कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार असतं, "तिथे नेहमीच साप निघायचे." हे 'नेहमीच' आलं कुठून?

अँड्र्यू टोमार्केन, सुझन मिनेका आणि मायकेल कुक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग १९८९ साली प्रसिद्ध झाला. सापाला किंवा कोळ्याला फार भिणारे आणि फारसे न भिणारे, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना पडद्यासमोर बसवलं. चित्रं कसली, तर त्या भीतीच्या प्राण्याची, फुलाची आणि अळंबीची. प्रत्येक चित्रानंतर कधी विजेचा झटका, कधी नुसता आवाज, कधी काहीच नाही. चित्र कुठलंही असो, झटक्याचं प्रमाण तेच, तिनात एक.

मग विचारलं, सापानंतर किती वेळा झटका बसला? भिणाऱ्यांनी आकडा चांगलाच फुगवून सांगितला. खरी गंमत पुढे आहे. फुलानंतरच्या झटक्यांचा त्यांचा अंदाज मात्र असा चुकला नाही. म्हणजे गणित कच्चं नव्हतं. वहीच्या एकाच खान्यात खोटी जमा पडत होती.

ब्रिटनमधल्या ग्रॅहम डेव्ही यांनी १९९२ साली आणखी एक गोष्ट दाखवली. झटका बसू शकतो, एवढंच काही लोकांना सांगितलं. दिला एकही नाही. तरी सुरुवातीला साप-कोळ्यांच्या चित्रांपाशी लोक झटक्याची जास्त वाट बघत होते. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच! पण चित्रं येत राहिली, झटका काही येईना, तशी ती धास्ती ओसरत गेली.

मग माझी का नाही ओसरली? मला वाटतं, प्रयोगातली माणसं खुर्चीत बसून होती. मी पडवीत थांबतोय कसला! दोन लाकडं ओढली की धूम. न निघालेला साप मोजायचा, तर माणूस तिथे उभा तरी राहायला हवा ना?

पुढे मोठेपणी एकदा आजीला विचारलं, किती साप निघाले गं त्या पडवीत?

"एकच," आजी म्हणाली. "धामण होती. बाकीच्या वेळी नुसता तूच ओरडायचास."