पंख्यामागची पट्टी

(दृश्य: इचलकरंजीतली गल्ली. पहाटेचा उजेड. मागांचा खडखडाट.)

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून या गावाच्या कानाला हा खडखडाट सवयीचा आहे. माझी बहीण याच गावात दिलेली. घर जुन्या पद्धतीचं, खाली माग आणि वर राहायची जागा. मागावर सूत ताणलं जातं, घासलं जातं, आणि त्याचे बारीक तंतू सुटून हवेत तरंगत राहतात. आम्ही त्याला तूस म्हणतो. ती जिन्याच्या कठड्यावर असते, भांड्यांच्या फळीवर असते, देवघरातल्या तसबिरींवर असते. सकाळी झाडून घ्यावं आणि दुपारी बोट फिरवावं, तर बोट पुन्हा पांढरं.

या घरात ती आणखी एका जागी साचत होती. तिथं कुणाचा झाडू पोचत नव्हता.

(दृश्य: पलंगावर गोधडी, गोधडीवर उघडा लॅपटॉप. पंख्याची घरघर.)

हा माझ्या भाचीचा लॅपटॉप. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. पाच वर्षांचं हे यंत्र चुलतभावाकडून तिच्याकडे आलं. गेले काही महिने ते सुरू केलं की पंखा घोंघावायचा, कळफलकाचा डावा कोपरा चटका बसेल इतका तापायचा आणि काम रखडायचं. गावातल्या एका दुकानात दाखवलं. झाकण न उघडताच उत्तर मिळालं, मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या. घरात नव्या लॅपटॉपच्या पैशांची जुळवाजुळव सुरू झाली, सुताच्या उधारीचा हिशोब पुन्हा मांडला गेला. मला याचा फार त्रास झाला. पाच वर्षांचं धडधाकट यंत्र असं न बघता मोडीत काढायचं?

फोनवर भाची म्हणाली, "मामा, सुरुवातीला सगळं बरोबर चालतंय. पण दहा मिनिटं झाली की गाडी चढणीला लागल्यागत होतंय बघा."

तिनं न कळत निदानच सांगितलं होतं. सुरुवातीला झपाझप चालणारं आणि थोड्या वेळानं मंदावणारं यंत्र बहुतेक वेळा तापत असतं. तिला मी एक सोपी परीक्षा सांगितली. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी फाडायची आणि लॅपटॉपच्या कडेला जिथून गरम हवा बाहेर येते त्या जाळीसमोर धरायची. पंखा ओरडत असेल तर पट्टी फडफडायला हवी. तिनं धरली. पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता आणि पट्टी जेमतेम हलत होती.

म्हणजे पंखा ठीक होता. त्याची वाट बंद झाली होती.

(दृश्य: कागदावर पेन्सिलीनं काढलेली आकृती.)

आत काय चालतं ते आधी पाहू, म्हणजे हात कुठं घालायचा आणि कुठं नाही हे आपोआप कळेल. पूर्वी घराघरांत झिरोचा बल्ब असायचा. नाव झिरो, पण तो १२ ते १५ वॅट वीज घ्यायचा, आणि तासभर जळालेल्या बल्बला बोट लावलं की चटका बसायचा. साध्या लॅपटॉपचा प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप, तेवढीच किंवा त्याहून जास्त उष्णता नखाएवढ्या चकतीतून बाहेर टाकतो. ही उष्णता लगेच हलवली नाही तर चकती काही सेकंदांत तापते.

हलवायचं काम करते एक चपटी तांब्याची नळी. ती दिसते भरीव, पण आतून पोकळ असते. आतली हवा काढून टाकलेली असते आणि अगदी थोडं पाणी ठेवलेलं असतं. दाब इतका कमी, की पाण्याला वाफ व्हायला १०० अंश लागत नाहीत. प्रोसेसरच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाकडे धावते, तिथं थंड होऊन पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. समईच्या वातीत तेल चढतं ना, तसंच. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी बनवून दाखवली. पुढे ती उपग्रहांत गेली, आणि आज ती या पलंगावरच्या लॅपटॉपमध्ये आहे. हे मला दर वेळी विलक्षण वाटतं.

नळीच्या थंड टोकाला धातूच्या पातळ पत्र्यांची रांग असते. कंगव्याच्या दातांसारखी, दोन पत्र्यांमध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट. पंखा खालून हवा ओढतो आणि या फटींतून बाहेर फेकतो.

आता तूस काय करते पाहा. एखादा लांब तंतू या पत्र्यांवर आडवा बसतो. त्याला दुसरा अडकतो. मग उदबत्तीची काजळी, पिठाची धूळ, डोक्यावरचा एखादा केस. नाल्याच्या जाळीला पहिली फांदी अडकली की मागून आलेला सगळा कचरा तिथंच थांबतो, तसं. थर जमत जमत नमद्यासारखा घट्ट होतो. तो पंख्याच्या पात्यांवर फारसा नसतो. तो असतो पंख्याच्या मागं, पत्र्यांच्या तोंडाशी, पंखा उचलल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. म्हणून बाहेरून फुंकर मारून, जाळीत ब्रश फिरवून फरक पडत नाही. उलट तो थर आणखी घट्ट बसतो.

आणि प्रोसेसर? ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचला की तो जीव वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतो. आपण म्हणतो, लॅपटॉप म्हातारा झाला. तो म्हातारा झालेला नसतो, गुदमरलेला असतो.

(दृश्य: सुट्टीचा दिवस. माग बंद. खिडकीशी टेबल, त्यावर पांढरी चादर.)

माग बंद असलेला दिवस आम्ही मुद्दाम निवडला, हवेत तूस कमी असावी म्हणून. सामान थोडं लागतं. फुलीच्या तोंडाचा बारीक स्क्रूड्रायव्हर, जुनं प्लास्टिकचं कार्ड, चिमटा, रंगाचा नवा मऊ ब्रश, कॅमेऱ्याच्या भिंगावर हवा मारायचा रबरी फुगा. लॅपटॉप गॅरंटीत असेल तर मात्र यातलं काही करू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये न्या.

"बंद केलायस ना?"

"रात्रीच केलोय, मामा. झाकण नुसतं मिटलेलं नाही, पूर्ण बंद केलोय."

चार्जर काढला. लॅपटॉप उलटा करण्याआधी मी तो सपाट टेबलावर ठेवून खालचं झाकण डुलतंय का ते पाहिलं. टचपॅड वर आलेला असेल, तळ फुगलेला असेल, तर आत बॅटरी फुगलेली असते. ती दाबली गेली किंवा तिला टोक लागलं तर आग लागू शकते. तसं दिसलं की काम तिथंच थांबवायचं, चार्जिंगला लावायचं नाही, आणि जाणकार माणसाकडे द्यायचं. आमचा तळ सपाट होता.

(दृश्य: वहीच्या पुठ्ठ्यावर काढलेला लॅपटॉपचा आकार. त्यावर एकेक स्क्रू.)

नऊ स्क्रू उघडे दिसत होते. भाचीनं जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढला आणि जो स्क्रू जिथून निघाला तो तिथंच पुठ्ठ्यात टोचला. ही खटपट वायफळ वाटेल, पण स्क्रू एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो पलीकडे घुसून बोर्ड फोडू शकतो. नऊ निघाले तरी झाकण हलेना. अशा वेळी जोर करायचा नाही, राहिलेला स्क्रू शोधायचा. मागच्या रबरी पायाखाली दोन दडलेले होते.

मग कार्डाची कड फटीत घालून हळूहळू फिरवायची. आतल्या खाचा सुटताना टक टक आवाज होतो. पहिल्यांदा ऐकताना काळजात चर्र होतं, काहीतरी मोडलं असं वाटतं. भाचीनं दोनदा हात मागं घेतला. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, चालू दे, तो आवाज व्हायलाच हवा.

झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरी सोडवणं. तिची तार ओढायची नाही, खोचणीचं तोंड दोन्ही बाजूंनी नखांनी धरून सरकवायचं. मग पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून ठेवायचं, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. त्याआधी भाचीला मोरीतल्या लोखंडी नळाला हात लावून यायला सांगितलं होतं. थंडीत स्वेटर काढताना जी चरचर होते ना, तेवढी वीजही या बोर्डावरच्या नाजूक भागांना पुरेशी असते.

इथं भाचा वर आला. "मामा, खाली कॉम्प्रेसर आहे. एका झटक्यात साफ करतो की."

मागावरची तूस उडवायला कारखान्यात कॉम्प्रेसरचा पाइप रोजच वापरतात, त्यामुळे त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं. पण त्या हवेचा दाब मागासाठी आहे. तिच्यात पाण्याचे आणि तेलाचे बारीक कण असतात. शिवाय जोराच्या हवेनं हा छोटा पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट भरकटतो. त्याचं बेअरिंग खराब होतं, आणि बाहेरून फिरवलेली मोटर उलट वीज तयार करते, ती बोर्डात जाऊ शकते. म्हणून रबरी फुग्यानं हवा मारतानाही पातं बोटानं अडवून धरायचं. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकीचे कण जातात. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या प्लास्टिकच्या तोंडावर तीच चरचरणारी वीज साठते.

माझ्या बहिणीनं मशीनच्या तेलाची कुपी आणून ठेवली होती. तेही नको. माग तेलावर चालतो, हा पंखा नाही. फिरताना ते तेल उडून पत्र्यांवर बसतं आणि पुढची तूस दुप्पट चिकटते. पंखा खरखरत असेल, डगडगत असेल, तर तो बदलायचा. स्वस्त भाग आहे, फक्त नेमक्या मॉडेलचा मिळवायला हवा.

(दृश्य: पंख्याचे तीन स्क्रू. खोचणी निघते. पंखा हळूच वर.)

तीन स्क्रू, एक खोचणी. पंखा उचलला. पात्यांवर धुळीची करडी रेघ होती, बस एवढीच. आणि मागं, पत्र्यांच्या तोंडावर, ती बसली होती. राखाडी-पांढरी पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक फटही मोकळी नव्हती.

भाचीनं चिमट्यानं एक कोपरा धरला आणि ओढला. पट्टी अखंड निघाली, विणलेल्या कापडासारखी. करंगळीएवढी लांब. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग बहीण वाकून म्हणाली, "अगं बाई, ही तर आपलीच तूस."

पत्र्यांवर ब्रश फटींच्या दिशेनंच फिरवायचा. आडवा फिरवला तर पातळ पत्रे वाकतात. पाती एकेक करून पुसली. तांब्याच्या नळीला आणि प्रोसेसरवरच्या भागाला आम्ही हात लावला नाही, गरज नव्हती. काही लॅपटॉपमध्ये पंखा आणि नळी एकत्र जोडलेली असते. तिथं ते अख्खं उचललं तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता नळीकडे पोचवणारा मलमासारखा लेप, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावावी लागते, आणि स्क्रू शेजारी कोरलेल्या आकड्यांच्या क्रमानं थोडे थोडे आवळावे लागतात. पहिल्याच खेपेला ते करायला जाऊ नका. कुणी केलेलं एकदा बघा, मग करा.

जोडणी उलट्या क्रमानं. पंख्याची खोचणी आधी, बॅटरीची शेवटी. झाकण लावण्यापूर्वी भाचीनं स्वतःहून पुन्हा एकदा पंख्याची खोचणी तपासली. ती विसरली की सगळी मेहनत वाया जाते, शिवाय यंत्र बिनपंख्याचं तापतं. पुठ्ठ्यावरून एकेक स्क्रू आपल्या जागी गेला. अकरा निघाले होते, अकरा बसले.

(दृश्य: लॅपटॉप सुरू होतो. टिश्यूची पट्टी जाळीसमोर.)

पट्टी आडवी झाली, फडफडत राहिली. पंख्याचा आवाज ऐकायला कान द्यावा लागत होता. भाचीनं तिचं नेहमीचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं. पूर्वी त्यावर तापमान ९५ च्या वर जाऊन तिथंच अडकायचं. वीस मिनिटं झाली, आकडा ८० च्या पुढे गेला नाही. ती पडद्याकडं बघत राहिली, आणि मी तिच्याकडं.

गोधडी आता बाद. मऊ पांघरूण तळाच्या जाळीत घुसतं, पंख्याला हवा मिळत नाही आणि तंतू मात्र आयते मिळतात. बहिणीनं माळ्यावरचा जेवणाचा जुना पाट काढून दिला. लाकडी, सपाट, खाली हवा खेळेल एवढे पाय. लॅपटॉपसाठी इतकी चांगली बैठक बाजारात विकत मिळेल की नाही, शंका आहे. इतर घरांत वर्षातून एकदा उघडलं तरी चालतं. या घरात दर चार महिन्यांनी उघडावं लागेल. भाचीनं आजची तारीख लिहून चिठ्ठी तळाला चिकटवली, जाळी सोडून.

(दृश्य: संध्याकाळ. जिन्याखाली वेस्ट सुताचं पोतं.)

टेबलावरची चादर गोळा करताना बहिणीला वर्तमानपत्रावर ठेवलेली ती पट्टी दिसली. तिनं ती दोन बोटांनी उचलली, उजेडात धरून पाहिली, आणि खाली जाता जाता जिन्याजवळच्या वेस्ट सुताच्या पोत्यात टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माग सुरू झाले.